रंगाचे पाणी आणि शेतातला पाचोळा

रंगाच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पैठणीचा जांभळा कसा साधतात, निळीचे मळे कोठे होते, कुसुंब्याचा रंग कसा काढीत, हे सांगणारे व ऐकणारे दोघेही मिळतात. परंतु वस्त्र रंगवून झाल्यावर जे रंगाचे पाणी मागे उरते, त्याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. रंगाऱ्याचे शेवटचे काम म्हणजे भांडे उपडे करणे. ते पाणी ओहळाला मिळते, ओहळ नदीला मिळतो आणि आपण वस्त्राकडे पाहत राहतो. आजचा विषय या उपड्या केलेल्या पाण्याचा आहे. आणि ते निवळण्यासाठी शेतातले चिपाड, तूस, टरफल व साल यांचा उपयोग होतो काय, याचा आहे. विषय प्रयोगशाळेतला वाटला तरी त्याचे धागे आपल्या नाशिक जिल्ह्यातून आणि आपल्या जुन्या ग्रंथांतून निघालेले आहेत.

प्रथम रंगाकडे पाहू. 1883 साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये येवल्याच्या रेशमी धंद्याला मानाचे स्थान आहे. त्यापूर्वीच्या काळात वस्त्रे रंगत ती बहुतांशी वनस्पतींच्या व थोड्या कीटकांच्या रंगांनी. निळा रंग निळीच्या झाडाचा आणि त्या कामात मुरलेली माणसे म्हणजे निराळी. सुताला तांबडा रंग आलीच्या मुळ्यांचा. रेशमाला लाखेचा किंवा किरमिजाचा. करडईच्या फुलांचा कुसुंबा, हळदीचा पिवळा, हिरड्याचा व डाळिंबाच्या सालीचा तुरट रंग, आणि या सर्वांना वस्त्रावर धरून ठेवणारी तुरटी. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डाळिंबाची साल आणि हिरडा यांना रंगारी केवळ रंगासाठी वापरीत नसे. दुसरा रंग धाग्यावर पक्का बसावा म्हणूनही वापरीत असे. म्हणजे झाडाची साल रंगाला पकडून ठेवते, ही गोष्ट रंगाऱ्याच्या हातांना फार पूर्वीपासून माहीत होती.

त्या काळचे रंगाचे पाणी अगदी निर्दोष होते असे मात्र कोणी समजू नये. निळीच्या हौदांना दुर्गंधी येई आणि पाण्यात खार व तुरटी उतरत असे. परंतु एकंदर प्रमाण थोडे होते आणि रंग बहुतेक असे होते की ऊन, माती व जंतू यांनी ते कालांतराने पचवून टाकावे. निळीच्या हौदातून निघालेला कुजका पाला तर शेतात खत म्हणून जाई.

ही घडी मोडली ती 1856 साली. लंडनमधील अठरा वर्षांचा विद्यार्थी विल्यम पर्किन हा दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून हिवतापावरचे क्विनीन तयार करू पाहत होता. क्विनीन साधले नाही. हाती आला तो जांभळा रंग. पुढे 1868च्या सुमारास जर्मनीत ग्रेबे व लीबरमान यांनी मंजिष्ठेच्या मुळातील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. 1876 साली हाइनरिख कारो याने मेथिलीन ब्लू हा निळा रंग काढला. 1897 साली जर्मन कारखान्यातील कृत्रिम नीळ बाजारात आली आणि पुढच्या सतरा-अठरा वर्षांत हिंदुस्थानातील निळीखालची जमीन आठव्या हिश्शाच्या आसपास उतरली. खानदेश-वऱ्हाडाकडील आलीची लागवडही अशीच संपली. मुंबईत 1933 साली विद्यापीठाने रसायन-तंत्रविद्येचा विभाग काढला, त्यातही वस्त्ररसायन हा विषय प्रारंभापासून होता. रंग आता शेतातून येणारा माल राहिला नव्हता. तो कारखान्यातून येणारा माल झाला होता.

या नव्या रंगांचा मुख्य गुण कोणता? तो टिकतो. उन्हाने विटत नाही, घामाने उतरत नाही, साबणाने धुऊन जात नाही. गिऱ्हाईक दुकानात विचारते, “रंग पक्का आहे ना?” आणि दुकानदार छातीवर हात ठेवून होकार देतो. आता हाच रंग पाण्यात गेला असे समजा. तेथेही तो उन्हाने विटत नाही आणि जंतूंनी लवकर पचत नाही. लुगड्यात जो गुण, तोच नदीत दोष. या विषयाची सारी अडचण या एका वाक्यात आहे. धाग्यावर सगळा रंग कधीच बसत नाही. साधारणतः शेकडा 10 ते 15 भाग पाण्यात राहतो आणि सुताला लावावयाच्या काही जातींच्या रंगांत याहूनही पुष्कळ अधिक राहतो. लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमइतका रंग असला तरी डोळ्यांना तो दिसू शकतो. पाण्यावर रंगाचा पडदा आला की सूर्यप्रकाश खाली पोचत नाही आणि पाण्यातील वनस्पतींचे प्राणवायू निर्माण करण्याचे काम मंदावते. काही रंग तर फुटल्यावर कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये देतात. त्यामुळे 1994 साली जर्मनीने आणि 1997 साली भारत सरकारने अशा काही रंगांवर बंदी घातली.

आता पाणी निवळण्याच्या विद्येकडे वळू. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करण्याची सात साधने सांगितली आहेत. त्यांत पहिले नाव कतकाचे, म्हणजे आपल्या निवळीच्या बीचे आहे. त्याच यादीत कमळाचा कंद आहे, शेवाळाचे मूळ आहे आणि गाळण्याचे वस्त्रही आहे. घड्याच्या आतल्या बाजूला निवळीची बी उगाळावयाची आणि पाणी भरून ठेवावयाचे, ही रीत आपल्या खेड्यांतून चालत आली. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात या निवळीचा मोठा मार्मिक दाखला आहे. कतकाचे फळ पाणी निवळते खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा त्याचा भाव आहे. तो दाखला आचरणासाठी दिलेला आहे; परंतु आपल्या विषयालाही तो शेवटी लागू पडणार आहे, म्हणून तो लक्षात असू द्यावा.

तथापि निवळी आणि आपला प्रश्न यांत एक फरक आहे. निवळीची बी पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या कणांना एकत्र आणून खाली बसवते. विरघळलेल्या रंगावर तिची अशी मात्रा चालत नाही, कारण तेथे खाली बसावयाला कणच नसतात. साखर विरघळलेले पाणी कितीही वेळ स्थिर ठेवले तरी साखर तळाशी बसत नाही, तसेच हे. वनस्पतीने मळ ओढून घेण्याचा दुसरा दाखला आपल्या गुऱ्हाळात आहे. उकळत्या रसात रानभेंडीचा चिकट रस घालतात. त्याबरोबर मळी वर येते, ती काढून टाकतात आणि गुळाला उजळ रंग येतो. कोणत्याही रसायनशाळेत न गेलेला गुळव्या हे काम डोळ्यांच्या अंदाजाने करतो.

विरघळलेला रंग ओढण्याची खरी युक्ती सापडली ती कोळशात, आणि तीही द्राक्षाच्या निमित्ताने. द्राक्षाच्या जिल्ह्यातील श्रोत्यांनी ही हकीकत अगत्याने ऐकावी. 1785 साली पीटर्सबर्ग येथे टोबियास लोविट्स हा औषधशास्त्रज्ञ टार्टारिक आम्लाचे स्फटिक तयार करीत होता. हे आम्ल द्राक्षांत असते आणि द्राक्षारसाच्या पिंपात जो थर बसतो त्यापासून ते काढीत असत. पण द्रावण आटवताना ते तपकिरी होई. त्यात लाकडी कोळशाची पूड घातल्यावर रंग नाहीसा झाला. साखरेच्या कारखानदारांनी ही युक्ती लवकरच उचलली. प्रथम लाकडी कोळसा आला. 1811च्या सुमारास फ्रान्समध्ये फिग्ये याने हाडांचा कोळसा अधिक चांगला असल्याचे दाखवले आणि पांढरी शुभ्र साखर त्यातून गाळून निघू लागली. आपल्याकडच्या जुन्या सोवळ्या घरांत परदेशी साखर वर्ज्य मानीत, त्यामागे हाच हाडांचा कोळसा होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी ओस्ट्रेय्को याने कोळशाला वाफेने किंवा क्षारांनी अधिक सच्छिद्र करण्याचे पेटंट घेतले. पुढे पहिले महायुद्ध आले. एप्रिल 1915 मध्ये ईप्रच्या रणांगणावर विषारी वायू सुटला आणि सैनिकांच्या मुखवट्यांसाठी असा कोळसा हवा झाला. 1918 साली अमेरिकेत पीच फळांच्या आठळ्या आणि नारळाच्या करवंट्या जमा करण्याची मोहीमच निघाली. फळ खाऊन फेकून दिलेली आठळी माणसाचा जीव वाचवू शकते, हे तेव्हा जगाला दिसले. शेतातील टाकाऊ वस्तूच्या या नव्या चरित्राचा आरंभ तेथे झाला असे म्हणता येईल.

कोळसा रंग कसा ओढतो? पाणी स्पंजात शिरते तसा रंग कोळशात शिरून बसतो, असे नाही. तो कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतो, म्हणून या क्रियेला पृष्ठशोषण म्हणतात. पृष्ठभाग जितका मोठा तितका रंग अधिक चिकटणार. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधील सर्व छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर सुमारे 1000 चौरस मीटर जागा व्यापतील. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन आहे! परंतु असा कोळसा तयार करण्यास भट्टी लागते, उष्णता लागते आणि पैसा लागतो. येवल्याच्या किंवा इचलकरंजीच्या लहान रंगाऱ्याने रोजच्या पाण्यासाठी तो वापरावा, हे परवडणारे नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी उलटा प्रश्न विचारला. कोळसा करण्याच्या आधीचा जो कच्चा माल, तोच तसाच वापरला तर? 1976 साली बेलफास्ट येथील गॉर्डन मॅके व त्यांचे सहकारी यांनी दलदलीतील कुजकट माती, म्हणजे पीट, आणि लाकडाचा भुसा यांनी रंग काढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. 1987 साली त्यांनीच ईजिप्तमधील सहकाऱ्यांबरोबर उसाच्या चिपाडातील गराचे प्रयोग मांडले. आपल्या देशात कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठात नमशिवायम् यांनी 1992 साली केळीच्या खांबातील गाभा आणि 1996 साली संत्र्याची साल यांच्यावर काम केले. कोइमतूरच्या शेजारीच तिरुपूर हे विणलेल्या कपड्यांचे व रंगशाळांचे मोठे शहर आहे, हे सांगितले म्हणजे त्या प्रयोगांची निकड कळेल. 2002 साली उत्तर आयर्लंडमध्ये सफरचंदाचा चोथा व गव्हाचे काड यांचे प्रयोग झाले. त्यानंतर तर तूस, टरफल, साल, काडी यांतील क्वचितच एखादी वस्तू परीक्षेवाचून राहिली असेल.

काडीकचऱ्याला रंग का धरावा, याचे उत्तर मोठे सोपे आणि सुंदर आहे. कापूस हा सेल्युलोज नावाच्या द्रव्याचा बनलेला आहे. उसाचे चिपाड, गव्हाचे काड, मक्याचे कणीस यांतही तेच द्रव्य मोठ्या प्रमाणात आहे. म्हणजे चिपाड हे कापसाचे भावंड. जो रंग लुगड्याला धरतो तो चिपाडाला अगदीच परका कसा असेल? मात्र भावंडांतही आवडनिवड असते. काडीकचऱ्याच्या पृष्ठावर पाण्यात ऋण विद्युत्भार येतो. त्यामुळे मेथिलीन ब्लूसारखे धन भाराचे रंग त्याला चटकन चिकटतात. उलट सुती कापडासाठी आज जे चकचकीत रंग अधिक वापरतात, ते ऋण भाराचे असतात. ते दूर लोटले जातात. त्यांना धरावयाचे तर पाणी आम्ल करावे लागते किंवा भुशावर आधी दुसऱ्या द्रव्याचा संस्कार करावा लागतो. प्रयोगशाळेतील यश पुष्कळदा मेथिलीन ब्लूचे असते आणि ओढ्यातील रंग मात्र दुसराच असतो, ही गोष्ट विसरता येत नाही.

आता आपल्या जिल्ह्यात काय आहे ते पाहू. इगतपुरीकडे भात, म्हणून तूस. निफाडच्या बाजूला ऊस. मालेगाव तालुक्यात रावळगावला वालचंद हिराचंद यांनी 1933 साली साखर कारखाना काढला, तेव्हापासून त्या बाजूलाही चिपाडाचे ढीग लोकांना परिचित झाले. लासलगावच्या बाजारातील कांद्याची टरफले, येवल्याकडील मक्याची दाणे काढलेली कणसे, कसमाद्यातील डाळिंबाच्या साली, आणि सर्वांत मोठी वस्तू म्हणजे द्राक्षाच्या काड्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा वर्षातून दोनदा त्या निघतात, आणि पुष्कळदा बांधावर पेटवल्या जातात.

परंतु टाकाऊ म्हणून ज्याला आपण म्हणतो त्याला बहुधा कोणीतरी धनी असतोच. चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते, त्यावर वीज होते, कागदही होतो. बाजरीचे सरमाड गुरांच्या दावणीत जाते. कपाशीच्या पऱ्हाट्या गरिबाच्या चुलीत जातात. शास्त्रज्ञ ज्याला फुकटचा माल समजतो, त्यासाठी एखाद्या बाईने डोक्यावर भारा वाहून आणलेला असतो. रंगाच्या पाण्यासाठी मागावयाचे तर खरोखर बांधावर जळणारे, बाजारात कुजणारे तेवढेच मागावे.

थोडा हिशेबही करून पाहू. समजा, रंगाच्या एका लिटर पाण्यात 100 मिलिग्रॅम रंग आहे. मग 10,000 लिटर पाण्यात एक किलो रंग झाला. आणि समजा, भुसा आपल्या वजनाच्या विसाव्या हिश्शाइतका रंग धरतो. तर त्या पाण्याला निदान 20 किलो भुसा लागेल. म्हणजे थोडी पोती. लहान रंगाऱ्याला हे जमण्यासारखे आहे. पण दिवसाला दहा लाख लिटर पाणी सोडणाऱ्या गिरणीला रोज दोन टन भुसा लागेल आणि रोज दोन टन ओला, रंगाने भरलेला भुसा कोठेतरी टाकावा लागेल. तो उकिरड्यावर टाकला तर पहिल्या पावसात रंग पुन्हा ओढ्यात. शेतात घातला तर मातीत. भट्टीत जाळला तर धुराची व राखेची काळजी घ्यावी लागणार. शिवाय रंगवताना घातलेले मीठ भुसा धरत नाही. पाणी निवळ दिसले तरी खारटच राहते आणि असे पाणी पिकाला देता येत नाही. भुशाचा स्वतःचाही तांबूस अर्क पाण्यात उतरतो. तात्पर्य, भुसा रंग नष्ट करीत नाही, तो रंगाची जागा बदलतो. पसरलेला रंग एका ठिकाणी गोळा होणे हेही लहान काम नव्हे. पण गोळा झालेल्याचा धनी कोण, हा प्रश्न तेथून सुरू होतो.

या प्रश्नाचाही इतिहास आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा 1969 साली केला आणि 1970 साली त्यासाठी मंडळ स्थापले. देशाचा कायदा 1974 साली आला. नागपूरची नीरी ही संस्था तर 1958 पासून पाण्याच्या प्रश्नांचा अभ्यास करीत आली आहे. म्हणजे कायदा होता, विद्या होती, प्रयोगही होते. तरीही 2011 साली मद्रास उच्च न्यायालयाला तिरुपूरच्या रंगशाळा बंद करण्याचा हुकूम द्यावा लागला. 2017 साली तळोजाच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्यामुळे कुत्री निळी झाली आणि तेव्हा कोठे पुष्कळांचे लक्ष तेथल्या कासाडी नदीकडे गेले. आपल्या गोदावरीच्या प्रदूषणाचे प्रकरण 2012 साली मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने उपाय सुचवण्याचे काम नीरीकडे सोपवले. गोदावरीचे दुखणे मुख्यतः सांडपाण्याचे आहे, रंगाचे नव्हे. पण दोहोंचे मूळ एकच. पाणी उपडे केले की ते आपले राहत नाही, ही आपली समजूत.

मालेगावचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. एके काळी तेथील रंगीत लुगडी प्रसिद्ध होती. आज तेथील मागांवर प्रामुख्याने कोरे कापड निघते आणि त्यातले पुष्कळसे रंगासाठी राजस्थानात पाली व बालोतऱ्याकडे जाते. तेथे बांडी आणि लुणी या नद्या रंगाच्या पाण्याने नासल्या. मोसम व गिरणा यांच्या काठी विणलेल्या कापडाचा डाग अशा रीतीने परमुलखातल्या नदीवर पडला. आपल्या डोळ्यांसमोर रंगाचे पाणी नाही म्हणून आपण त्यातून सुटलो, असे म्हणता येईल काय?

मला वाटते, या साऱ्या इतिहासातून निष्पन्न होते ते इतके. शेतातला पाचोळा रंग धरतो, हे सिद्ध झाले आहे. येवल्यासारख्या गावी लहान प्रमाणावर रेशीम रंगवणाऱ्याच्या भांड्याशेजारी भुशाचे एक पिंप असणे शक्य आहे. त्यातला भरलेला भुसा गोळा करून नेण्याची व्यवस्था नगरपालिकेने किंवा विणकरांच्या संस्थेने करणेही शक्य आहे. मोठ्या रंगशाळांना मात्र भुशाच्या पाठीमागे लपता येणार नाही. त्यांना मीठ, रंग व पाणी यांचा पुरा हिशेब द्यावा लागेल. आणि या दोन्हींचा खर्च शेवटी वस्त्राच्या किमतीत मिळवावा लागेल, म्हणजे तो तुम्ही-आम्ही द्यावयाचा आहे. जे लुगडे आज स्वस्त पडते, त्याची उरलेली किंमत नदीकाठचा शेतकरी आपल्या नासलेल्या विहिरीच्या रूपाने देत असतो.

निवळीच्या बीचे नुसते नाव घेऊन पाणी निवळत नाही, हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. संत्र्याच्या सालीवर आणि उसाच्या चिपाडावर निबंध लिहूनही ते निवळत नाही, आणि व्याख्यान ऐकूनही नाही. बी उगाळावी लागते. ती कोणी उगाळावयाची, हे ठरविणे शास्त्रज्ञाचे काम नसून गावाचे काम आहे.